पाठीवरचा हात आणि विम्याचा हप्ता

ताई,

माझं वय ३८. लग्नाला अकरा वर्षं झाली. मुलाच्या शाळेतून तक्रारी यायला लागल्या म्हणून त्याला तपासायला नेलं. त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, निघालं, आणि डॉक्टरांचे प्रश्न ऐकताना मला वाटत राहिलं की ही तर माझीच गोष्ट चालली आहे. सात महिन्यांपूर्वी माझंही निदान झालं. त्यासाठी रोज सकाळी मेथिलफेनिडेट घेते. नैराश्यासाठी चार वर्षांपासून एस्सिटालोप्रॅम चालू आहे, तीही गोळी आहेच.

आता जे कुणालाच बोलले नाही ते लिहिते. नवऱ्याच्या जवळ असताना माझं मन जागेवर राहत नाही. तो माझ्याजवळ असतो आणि मी कपाटाचं अर्धवट उघडं दार बघत असते. त्याला कळू नये म्हणून सोंग करते. आवाजाचं, श्वासाचं, शेवटचंसुद्धा. चार वर्षं मी सोंग करतेय. मागच्या महिन्यात एका रात्री त्याचा हात माझ्या पाठीवर होता आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, विम्याचा हप्ता उद्याच आहे!" त्याने हात काढून घेतला. काहीच बोलला नाही, कूस बदलली. मी रात्रभर रडले, दहा वेळा माफी मागितली. तेव्हापासून तो जवळच येत नाही.

कधी कधी त्याचा हलका स्पर्शही सहन होत नाही, अंगावरून मुंगी चालल्यासारखं होतं. लग्नाआधी मात्र मी त्याच्यासाठी वेडी होते, सहा-सहा तास फोनवर बोलायचो. तो आता म्हणतो, "तेव्हाची तू खोटी होतीस की आत्ताची?" दिवसभर तोच मला आठवण करून देत असतो, हे भर, ते उचल, गोळी घेतलीस का. या वर्षात गर्भनिरोधक गोळीही दोनदा चुकली. मला त्याच्यावर प्रेम आहे, पण ते सिद्ध कसं करू? आणि तुमचं उत्तर आलं, तर ते त्याला दाखवू का?

— नाव नको

•

सस्नेह नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनही वेळा त्याच वाक्याशी थांबले: "चार वर्षं मी सोंग करतेय." तुम्हाला विम्याच्या हप्त्याची लाज वाटते आहे. मला काळजी वाटते ती सोंगाची. तुमच्या दोघांत जे अंतर पडलंय, त्यातलं एडीएचडीचं किती आणि सोंगाचं किती, असं विचाराल तर मी सोंगाच्या पारड्यात जास्त टाकेन. का, ते सांगते. पण आधी त्या रात्रीकडे वळू, कारण तिचा अर्थ तुम्ही दोघांनीही चुकीचा लावलाय.

एडीएचडीच्या नावात लक्षाची कमतरता असली तरी प्रत्यक्षात लक्ष भरपूर असतं, त्याचा लगाम हातात नसतो. मेंदूत डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन ही रसायनं लक्ष कुठे ठेवायचं, कुठून काढायचं, यात मोठी भूमिका बजावतात, आणि एडीएचडीत त्यांचं काम थोडं वेगळ्या तऱ्हेने चालतं. असं लक्ष एखाद्या गोष्टीच्या महत्त्वाने बांधलं जात नाही. नवी गोष्ट, तातडीची गोष्ट, पणाला काही लागलेली गोष्ट त्याला खेचून नेते. अकरा वर्षांच्या ओळखीचा हात, ओळखीची खोली, ओळखीचा अंधार, यात नवं काही नाही. हप्ता उद्या होता, म्हणजे तातडीचा होता. त्याने लक्ष ओढून नेलं. नवरा आणि विमा यांत तुम्ही निवड केली नव्हतीत.

आणि ते तोंडातून का निघालं? कामापुरत्या गोष्टी काही क्षण मनात धरून ठेवायची जी शक्ती असते, तिला कार्यकारी स्मृती म्हणतात, आणि एडीएचडीत ती बहुतेकांची तोकडी पडते. "आत्ता बोलले नाही तर विसरेन" ही घाई तुम्हाला लहानपणापासून ओळखीची असणार. वर्गात हात वर न करता उत्तर देऊन टाकणारी मुलगी आणि त्या रात्री हप्त्याची आठवण काढणारी बाई एकच. तुमच्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. त्याला एवढंच कळलं की आपण जवळ घेतलं तेव्हा हिला विमा आठवला. हे कुणालाही लागेल. त्याचं दुखणं खरं आहे, त्याने लावलेला अर्थ चूक आहे. दोन्ही एकाच वेळी मान्य करावं लागेल.

आता सोंगाकडे येते. मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधक जोडीने १९७० च्या सुमारास लैंगिक अडचणींवर उपचार करताना एक गोष्ट टिपली होती. माणूस अंथरुणात असताना स्वतःचाच प्रेक्षक होतो. आपलं कसं चाललंय, समोरच्याला काय वाटत असेल, हे बाहेर उभं राहून बघत बसतो, आणि बघत बसलेल्याला काही जाणवत नाही. हे कुणाचंही होऊ शकतं. पण तुमच्याकडे आधीच लक्षाची ओंजळ फुटकी, आणि त्यातलं निम्मं तुम्ही पहाऱ्यावर लावलंय: माझं लक्ष आहे ना, त्याला कळलं तर नाही ना, आता आवाज करायला हवा का. मग उरलं काय? कपाटाचं दार. तुम्ही त्याला दुखवू नये म्हणून सोंग केलंत, हे मला दिसतंय. पण त्या सोंगानेच तुम्ही तिथून आणखी लांब गेलात. शिवाय चार वर्षं त्याला चुकीची माहिती मिळत राहिली. जे तुम्हाला आवडत नव्हतं ते आवडतंय असं समजून तो तेच करत राहिला. त्याला बदलायची संधीच मिळाली नाही.

म्हणून माझी पहिली विनंती एवढीच. आजपासून सोंग बंद. शेवटचं तर नक्कीच बंद. आणि अपराधी वाटतंय म्हणून "हो" म्हणणंही बंद. तुमच्या पत्रात ते वाक्य नाही, पण ओळींच्या मधून मला ते ऐकू येतंय. मनात नसताना दिलेला होकार शरीर विसरत नाही. पुढच्या वेळी स्पर्श झाला की ते आधीच आक्रसून घेतं.

हे त्याला सांगायचं कसं? रात्री नाही, अंथरुणात तर नाहीच. दिवसा, दोघं शेजारी-शेजारी असताना बोला. चालताना किंवा गाडीत. नजरेला नजर नसली की अवघड बोलणं सोपं जातं, आणि पाय चालत असले की तुमचं लक्षही टिकेल. वाक्यं तुमची तुम्हीच जुळवा. मला विचाराल तर सुरुवात अशी करा: "त्या रात्री तुझा हात मला नको होता असं नव्हतं. माझं मन घसरतं, ते तुझ्या बाबतीतच घसरतं असं नाही, सगळीकडेच घसरतं. मला त्याची लाज वाटायची, म्हणून मी बऱ्याचदा नाटक केलं. ते मला आता करायचं नाही." एवढं बोलून थांबा. नाटकाचा भाग ऐकून तो दुखावेल, कदाचित चिडेल. त्या क्षणी तुमच्या पोटात खड्डा पडेल आणि पुन्हा दहा वेळा माफी मागावीशी वाटेल. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मोठ्या माणसांना नकाराचा, नाराजीचा असा अंगावर येणारा तडाखा बसतो. निदानाच्या निकषांत त्याचा समावेश नाही, पण जे भोगतात त्यांना तो चांगला माहीत असतो. त्या तडाख्यात मागितलेल्या माफीने समोरच्याचं दुःख बाजूलाच राहतं आणि त्यालाच तुमची समजूत काढावी लागते. त्या रात्री तसंच झालं असणार. माफी एकदा मागा, मनापासून मागा, आणि मग त्याला बोलू द्या.

आता औषधांचं. निदानानंतर हा विषय कुणी तुमच्याशी काढला नसेल तर मला आश्चर्य वाटणार नाही, कारण डॉक्टर विचारत नाहीत आणि बायका सांगत नाहीत. एस्सिटालोप्रॅम ज्या गटातली गोळी आहे त्या गटाने, म्हणजे एसएसआरआय या नैराश्याच्या औषधांनी, कामेच्छा कमी होणं, संवेदना बोथट होणं, परमोच्च क्षणाला फार उशीर लागणं किंवा तो न येणं, हे सर्रास होतं. तुमची गोळी चार वर्षं चालू आहे आणि सोंगही चार वर्षांचं आहे. हा योगायोग असेलही, पण विचारल्याशिवाय सोडू नका. मात्र गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, चक्कर, बेचैनी, झोपेची वाताहत असे त्रास होतात आणि नैराश्य उलटू शकतं. मानसोपचारतज्ज्ञांना स्पष्ट विचारा: "या गोळीने माझ्या लैंगिक संवेदनेवर परिणाम झालाय असं वाटतं. मात्रा कमी करता येईल का, किंवा ज्यात हा त्रास कमी आहे असं दुसरं औषध, उदाहरणार्थ बुप्रोपिऑन, मला चालेल का?" आणखी एक विचारा. इतकी वर्षं न ओळखलेल्या एडीएचडीने थकून नैराश्य आलं, असं बऱ्याच बायकांच्या बाबतीत घडतं. आता एडीएचडीवर उपचार सुरू आहेत, तर नैराश्याच्या औषधाचा पुन्हा विचार करण्याजोगी वेळ आली आहे का, हे तेच ठरवू शकतील.

मेथिलफेनिडेटचं गणित वेगळं आहे. साधी गोळी साधारण तीन ते पाच तास काम करते, लांब चालणारी आठ ते बारा तास. सकाळी घेतलेलं औषध रात्री अकराला अंगात उरलेलं नसतं. उलट काहींना ते उतरताना चिडचिड होते, स्पर्श नकोसा होतो. म्हणजे दिवसातली तुमची सगळ्यात विस्कटलेली वेळ तुम्ही दोघांनी जवळिकीसाठी राखून ठेवली आहे. रात्रच का? सुट्टीच्या दिवशी सकाळी, औषध लागू झाल्यावर, मूल घराबाहेर असताना दार लावून घ्या. ठरवून केलं तर त्यात उत्स्फूर्तता काय राहिली, असं तुमचा नवरा म्हणेल. लग्नाआधीचं भेटणंही ठरवूनच व्हायचं ना? तेव्हा दिवसभर वाट बघण्यात मजा होती. एडीएचडीच्या मेंदूला तर ती वाट बघणं फार मानवतं, कारण त्यामुळे ओळखीची गोष्टही थोडी नवी होते.

इच्छा आधी आणि जवळीक नंतर, हा क्रमही सगळ्यांना लागू नाही. रोझमेरी बॅसन या कॅनडातल्या डॉक्टरांनी २००० मध्ये मांडलं की दीर्घ सहवासातल्या कितीतरी स्त्रियांना इच्छा आधी होत नाही, स्पर्श सुरू झाल्यावर, तो सुखाचा असेल तर, मागून येते. त्यामुळे "मला आपणहून वाटतच नाही" म्हणून स्वतःत खोट काढू नका. तुमच्या मनाने तिथे हजर राहावं एवढी सोय करायची आहे.

ती सोय कशी करायची, यात मला सगळ्यात जास्त रस आहे. अंथरुणाशेजारी वही आणि पेन्सिल ठेवा. फोन नको, फोन हातात घेतलात की अर्ध्या तासाने परत याल. जवळ येण्याआधी पाच मिनिटं डोक्यात जे जे आहे ते लिहून काढा. मधेच काही आठवलं तर "एक मिनिट" म्हणायचं, दोन शब्द खरडायचे, परत यायचं. हे दोघांनी आधी ठरवलेलं असलं की त्या "एक मिनिट"ने त्याचा अपमान होत नाही. कपाटाचं दार आधीच लावून टाका, हे मी अगदी मनापासून सांगते आहे. डोळ्यांना खुपणाऱ्या गोष्टी, टिकटिक करणारं घड्याळ, बाहेरचा लुकलुकणारा दिवा, ज्याकडे त्याचं लक्षही जाणार नाही ते तुमचं निम्मं लक्ष खातं.

लक्ष घसरलं की स्वतःला रागावू नका. ते घसरणारच. व्हँकुव्हरच्या लोरी ब्रोटो या मानसशास्त्रज्ञांनी स्त्रियांच्या कामेच्छेच्या तक्रारींवर सजगतेच्या सरावाचा बराच अभ्यास केला आहे. त्या सरावाचा गाभा साधा आहे: मन गेलं हे लक्षात आलं, की कुठल्या तरी संवेदनेचं बोट धरून परत यायचं. तुमच्यासाठी त्यात थोडा बदल सुचवते. गुपचूप पडून श्वास मोजण्याने तुमचं मन आणखी भटकेल. त्यापेक्षा बोला. "इथे." "जरा जोरात." "थांब, असंच." बोलण्याने लक्ष बांधलं जातं, आणि त्याला चार वर्षांत पहिल्यांदा खरी माहिती मिळते. हलायचं असेल तर हला, जागा बदला, वरून खाली या. डोळे उघडे ठेवून बरं वाटत असेल तर मिटायची सक्ती नाही.

मुंगीचं लिहिलंत ते फार नेमकं आहे. एडीएचडी असलेल्या बऱ्याच जणांची संवेदना तीव्र असते. कॉलरमागची चिठ्ठी टोचते, ओला हात सहन होत नाही. त्यात बोटांच्या टोकांनी केलेला हलका, हळुवार स्पर्श सगळ्यात वाईट ठरतो. नवऱ्याला वाटतं आपण नाजूकपणे वागतोय, आणि तुम्हाला अंग झटकावंसं वाटतं. घट्ट, पूर्ण तळव्याचा, एका जागी टेकलेला स्पर्श पुष्कळांना शांत करतो. एकदा दोघांनी कपडे घालूनच बसा आणि नुसत्या हातावर करून बघा. तो वेगवेगळ्या तऱ्हांनी हात ठेवेल, तुम्ही शून्य ते दहा गुण द्या. पुढे काही करायचं नाही असं आधीच ठरलेलं असू दे. मास्टर्स-जॉन्सन यांचा उपचारही याच वाटेने जायचा: काही काळ संभोगाला सुट्टी आणि केवळ स्पर्शाची ओळख. परीक्षा नाही म्हटल्यावर पहारा आपोआप ढिला पडतो.

हे सगळं पाळीच्या चक्राबरोबर वर-खाली होतं का, तेही दोन-तीन महिने टिपून ठेवा. इस्ट्रोजेन या हार्मोनचा डोपामिनशी संबंध आहे, आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात ते उतरतं तेव्हा विस्कळीतपणा वाढल्याचं बऱ्याच जणी सांगतात. तुमच्या वयापुढे काही वर्षांत रजोनिवृत्तीची चाहूल लागेल, तेव्हा ही नोंद डॉक्टरांच्या कामाला येईल. संबंधांच्या वेळी दुखत असेल किंवा कोरडेपणा असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, ते सगळं एडीएचडीच्या नावावर टाकू नका.

गर्भनिरोधक गोळी चुकल्याबद्दल थोडक्यात. रोज एका ठरलेल्या वेळी गोळी घेणं हे नेमकं तुमच्या मेंदूला न जमणारं काम आहे, आणि त्याच्यावर गर्भधारणा टांगून ठेवू नका. कॉपर-टी, तिच्यासारखीच गर्भाशयात बसवायची हार्मोनची आययूडी किंवा दंडातलं इम्प्लांट यांत रोजची आठवण लागत नाही, कॉपर-टी तर दहा वर्षांपर्यंत चालते. तोवर, नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांपैकी लागोपाठ दोन चुकल्या तर पुढचे सात दिवस कंडोम वापरा.

आणखी एका वाचकवर्गासाठी इथेच लिहून ठेवते. एडीएचडीसाठी ॲटोमॉक्सेटिन घेणाऱ्या काही पुरुषांना ताठरता न येणं, इच्छा कमी होणं, वीर्यस्खलनाच्या अडचणी, असा त्रास होतो. हा औषधाचा ज्ञात दुष्परिणाम आहे, तुमच्या पुरुषत्वाचा त्यात काही प्रश्न नाही. डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात. आणि मेथिलफेनिडेट किंवा ॲटोमॉक्सेटिन घेत असताना ताठरता चार तासांहून जास्त टिकली, दुखायला लागली, तर ते फार क्वचित घडतं, पण लाजत घरी बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

परत तुमच्याकडे. "तेव्हाची तू खोटी होतीस की आत्ताची?" या प्रश्नाने तुम्हाला किती कापलं असेल याची मला कल्पना आहे. दोन्ही खऱ्या. एडीएचडीत लक्ष एखाद्या गोष्टीला चिकटलं की तहानभूक विसरून चिकटतं, आणि नव्या प्रेमाइतकं चिकटवणारं दुसरं काही नाही. ते सहा तासांचे फोन तुम्ही मनापासून केलेत. पण तो झोत आयुष्यभर तसाच एका माणसावर राहू शकत नव्हता, आणि त्या झोताची सवय झालेल्या माणसाला तो हलल्यावर अंधार वाटला. त्याने काहीतरी गमावलंय. "तुला तेव्हा जसं वाटायचं तसं मी आता देऊ शकत नाही, आणि तुला ते जाणवतं हे मला कळतं," एवढं त्याला म्हणा. ते ऐकायची त्याला खूप गरज असणार.

दिवसभराच्या आठवणींचंही बघा, कारण रात्र तिथूनच सुरू होते. जो दिवसभर "गोळी घेतलीस का, ते भरलंस का" विचारतो तो पालक होतो, आणि पालकाच्या मिठीत शिरताना इच्छा जागी होत नाही, त्याचीही आणि तुमचीही. घरातली दोन-तीन कामं संपूर्ण तुमच्या अंगावर घ्या, फोनच्या गजरावर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, बँकेतून आपोआप जाणाऱ्या हप्त्यावर लावा. चुकली तर निस्तरणारही तुम्हीच. तो आठवण करणार नाही, हे त्याच्यासाठी अवघड जाईल. एडीएचडी तुमचा दोष नाही, पण त्याची व्यवस्था लावणं तुमचं काम आहे, आणि ते काम तुम्ही करताय हे त्याला दिसलं की त्याच्या खांद्यावरचा भार उतरेल. सुरुवात विम्याच्या हप्त्यापासून करा.

प्रेम सिद्ध कसं करू, असं विचारलंत. ते सिद्ध करायच्या मागे लागूनच तुम्ही सोंगाकडे गेलात. तूर्तास फक्त खरं बोला.

आणि हो, हे उत्तर त्याला दाखवा. पण आधी तुमच्या तोंडून सांगा, मग दाखवा. माझ्या पत्रातून त्याला नाटकाबद्दल पहिल्यांदा कळता कामा नये. पत्र त्याच्या हातात दिल्यावर खोलीतून बाहेर जा, वाचताना त्याचा चेहरा बघत बसू नका. वाचून झाल्यावर तो लगेच काही बोलणार नाही कदाचित. त्याला दोन दिवस लागले तर लागू द्या. त्या दोन दिवसांत तुम्हाला काही आठवलं, काही बोलून टाकावंसं वाटलं, तर वही अंथरुणाशेजारी आहेच.